फोटोंचे गोदाम आणि त्याचे भाडे

कापडाच्या व्यापारात नमुन्याची चिंधी पोहोचण्याआधी आता मोबाइलवरचा फोटो पोहोचतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागावरून उतरलेला तागा परगावचा दुकानदार बसल्या जागी पाहतो आणि पसंती कळवतो. नव्या डिझाइनचा फोटो, बिजकाचा फोटो, बिल्टीचा फोटो, फाटून आलेल्या गाठीचा फोटो, असा हा माल रोज वाढत असतो. तो ठेवायचा कोठे आणि कोणत्या दर्जाने ठेवायचा, याचा विचार मात्र फार थोडे व्यापारी करतात.

अँड्रॉइड मोबाइल वापरणारे बहुतेक जण या कामासाठी गूगल फोटोजवर विसंबून असतात. फोटोची प्रत कंपनीच्या दूरच्या संगणकात जमा होते, यालाच क्लाउड म्हणतात. २०१५ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा किंचित आकसलेल्या फोटोंसाठी अमर्याद जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून ही सवलत बंद झाली. त्याआधी आकसून चढवलेले फोटो आजही जागेच्या हिशेबात धरले जात नाहीत, परंतु नंतरचा प्रत्येक फोटो धरला जातो. फुकट जागा एकूण १५ जीबी. त्यातच जीमेलची पत्रे, ड्राइव्हमधील कागद आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सअपचा बॅकअप यांचाही वाटा असतो.

हिशेब करून पाहा

एक फोटो ४ एमबीचा धरला, तर सगळी जागा फोटोंनाच दिली तरी सुमारे पावणेचार हजार फोटो मावतील. रोज २० फोटो काढणाऱ्या दुकानाला ही जागा सहा महिन्यांच्या आसपास पुरेल. व्हिडिओ असतील तर त्याहून कमी.

जागा भरली की केवळ फोटो चढायचे थांबत नाहीत, जीमेलवर पत्र येणे-जाणेही थांबते. ऑर्डर पाठवणाऱ्या पार्टीचे पत्र परत जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खाते सलग २ वर्षे मर्यादेबाहेर राहिले, तर त्यातील सामग्री काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने आपल्या नियमांत राखून ठेवला आहे.

दर्जा दोन, माल वेगवेगळा

सेटिंग्जमध्ये बॅकअपचे दोन दर्जे दिसतात. ‘ओरिजिनल क्वालिटी’मध्ये फोटो जसाच्या तसा जातो. ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये तो दाबून लहान केला जातो. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो आणि मोठा व्हिडिओ १०८०पी वर.

१६ मेगापिक्सेल म्हणजे थोडे नव्हे. चांगल्या छपाईच्या मापाने सुमारे १५ बाय ११ इंचाचे चित्र त्यातून निघते. बिजक, बिल्टी, पावती, दुकानाची मांडणी यांना स्टोरेज सेव्हर पुरेसा आहे, अक्षर वाचता येते. व्हॉट्सअपवर साध्या रीतीने आलेला फोटो तर वाटेतच दाबला गेलेला असतो. तो मूळ दर्जाने ठेवून काही हाती लागत नाही.

मात्र डिझाइनचे मास्टर फोटो, जरीचे बारीक काम, विणीतला दोष दाखवणारा फोटो यांची गोष्ट वेगळी. दाबताना सर्वांत आधी बारीक धागाच पुसट होतो आणि गेलेला तपशील पुन्हा आणता येत नाही. पार्टीशी दोषावरून वाद झाला तर मूळ फोटोच कामाचा. असा फोटो व्हॉट्सअपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही. शेडचा निकाल मात्र फोटोवर कधीच लावू नये. प्रत्येक पडद्यावर रंग निराळा दिसतो, त्यासाठी चिंधीच पाहिजे.

तीन ठिकाणी सावध राहा

पहिले, ‘फ्री अप स्पेस’. हे बटण बॅकअप झालेले फोटो मोबाइलमधून काढून टाकते. बॅकअप स्टोरेज सेव्हरमध्ये असेल, तर मूळ फोटो जातो आणि दाबलेली प्रतच उरते. म्हणून हे बटण दाबण्याआधी मास्टर फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

दुसरे, ‘रिकव्हर स्टोरेज’. पूर्वी मूळ दर्जाने चढवलेले फोटो हे एका फटक्यात दाबते. जागा पुष्कळ सुटते, पण हा व्यवहार उलटा फिरवता येत नाही.

तिसरे, बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून फोटो पुसला, तर तो मोबाइलमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. ६० दिवस तो ‘ट्रॅश’मध्ये राहतो, त्यानंतर कायमचा नाहीसा होतो. तोपर्यंत त्याची जागाही मोजली जाते.

व्यवस्था अशी असावी

रोजच्या फोटोंसाठी स्टोरेज सेव्हर ठेवावा. महिन्यातून एकदा मास्टर डिझाइन आणि वादाचे फोटो केबलने हार्ड डिस्कवर उतरवावेत, नावाऐवजी डिझाइन नंबर आणि तारीख घालावी. हार्ड डिस्कही बिघडते, म्हणून दोन ठेवाव्यात, एक पेढीवर आणि एक घरी. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. बिजकाचा फोटो आहे म्हणून कागद रद्दीत देऊ नये.

‘मॅनेज स्टोरेज’मध्ये मोठे व्हिडिओ, पुसट फोटो, स्क्रीनशॉट वेगळे काढून दाखवलेले असतात. ते तपासून पुसावेत. शुभेच्छांची चित्रे आणि व्हॉट्सअपचे व्हिडिओ ज्या फोल्डरमध्ये पडतात, त्याचा बॅकअप बंद करावा. एवढे करूनही जागा कमी पडली, तर महिन्याचे किंवा वर्षाचे भाडे भरून जागा वाढवता येते. धंद्याचा माल त्यात असेल तर तो खर्च दुकानाच्या खात्यात घालण्यासारखा आहे. पण कचऱ्यासाठी गोदाम भाड्याने घेणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे काय? आधी माल निवडावा, मग जागेचा भाव विचारावा.