सातव्या क्रमांकावर चंद्रपूर

जुलै 2025. गडचिरोलीतल्या एका सेतू केंद्रात आम्ही बसलो होतो. बाहेर झड लागली होती आणि इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायला दीड दिवस उरला होता. मुलगी आलापल्लीकडची, गोंड कुटुंबातली. बाबा रोवणी सोडून आले होते, सारखे दाराशी जाऊन आभाळ बघत होते.

‘चंद्रपूरले टाका जी पयलं,’ ते म्हणाले. ‘शनवारी घरी येते पोरगी.’

केंद्रातल्या दादानेही तेच सुरू केलं होतं. गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून, जिथं हमखास लागेल ते वर आणि अवघड ते खाली. मी त्याचा हात धरला. ही चूक गावोगाव होते. यंत्र यादी वरून खाली वाचतं. गुणवत्तेनुसार तुमची पाळी आली की पहिला पर्याय मिळतो का पाहतं, नसेल तर दुसरा. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं सोपं निसटत नाही. सोपं वर लिहिलं तर मात्र तेच गळ्यात पडतं.

त्यात त्या वर्षी नियम बदलला होता. फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तेच. त्याखालचा मिळाला तर जागा धरून ठेवायची आणि बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळण्याची, वाट बघायची. म्हणजे एक, तीन, सहा या आकड्यांवर फॉर्ममध्ये कुंपणं आहेत. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण खरी निवड पहिल्या सहा ओळींतच होते.

पोरगी वहीत लिहीत होती. पुण्याचं सीओईपी 1854 सालचं, माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 चं, चंद्रपूरचं शासकीय महाविद्यालय 1996 चं. जुनं म्हणजे चांगलं, असं तिला सरांनी सांगितलेलं. मी वाद घातला नाही. अडचण वेगळीच होती. सीओईपीत कॉम्प्युटर लागणं कठीण, मेटलर्जीची आशा होती. चंद्रपुरात कॉम्प्युटर लागेलसं दिसत होतं. नाव मोठं की शाखा?

‘मेटलर्जी म्हनजे का?’ बाबांनी विचारलं.

‘लोखंड, धातू,’ मी म्हटलं.

ते पहिल्यांदाच हसले. ‘आमच्या रस्त्यानं रोज लोखंडच जाते जी.’ सुरजागडच्या खाणीतलं खनिज घेऊन कोनसरीकडे निघणारे ट्रक त्यांच्या गावावरून जातात. त्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल ते बरंच काही बोलले, ते इथं देत नाही.

मग खर्चाचं निघालं. शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून भागेल, हे त्यांना ठाऊक होतं. प्रश्न खोलीचा आणि मेसचा. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात, असं मी सांगितलं. ‘कवा भेटते?’ त्यांचा पुढचा प्रश्न. पैसे हप्त्यांनी येतात, म्हणजे पहिले काही महिने खिशातून. त्यांनी बोटांवर तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे मोजले, मग खताची उधारी वजा केली, आणि गप्प झाले.

मी असतो तर मेटलर्जी पहिली लिहिली असती. पण पुण्यात जाऊन राहणार होती ती, मी नाही. तिने वहीतली पहिली यादी खोडली. नव्या यादीत पहिलं सीओईपी कॉम्प्युटर, दुसरी मेटलर्जी, मग व्हीजेटीआय आणि इतर तीन. चंद्रपूर सातव्या ओळीवर.

‘सातवं काहून?’ बाबा.

‘सहापर्यंत लागलं त जावाच लागते बाबा. चंद्रपूर हातात ठेवून वाट पाहाची हाय मले.’

दादाने कॉलेजांचे कोड टाकले, तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते वहीशी दोनदा ताडून पाहिले. ओटीपी बाबांच्या फोनवर येणार होता आणि केंद्रात रेंज नव्हती. ते फोन छातीशी धरून पावसात गेले, समोरच्या पानठेल्याच्या छपराखाली उभे राहिले आणि तिथूनच ओरडून एकेक आकडा सांगू लागले.

प्रिंट पन्नीत गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या आत घातली. आलापल्लीची एसटी लागली होती.