लॅपटॉप चालू होत नाही, तेव्हा नेमकं कुठे अडतं?

मागच्या वेळी आपण लिनक्स बसवायचं कसं ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर चार-पाच जण थांबले आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच होता. 'बसवलं, काम झालं असं पडद्यावर आलं, रिस्टार्ट केलं आणि समोर काळा पडदा. आता काय?' आज त्याच काळ्या पडद्याबद्दल बोलू.

हा प्रश्न सध्या जास्त येतो त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. घरात चांगले चालणारे लॅपटॉप आहेत, पण विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. मग कुणीतरी सांगतं, लिनक्स टाक. टाकतात, आणि अडतात. की मग लॅपटॉप दुकानात जातो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, 'फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.'

असेच एक काका आमच्याकडे आले होते. एका गृहनिर्माण सोसायटीचे सचिव. लॅपटॉप २०१२ च्या सुमाराचा, त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारीशेजारी. सोसायटीचा सात वर्षांचा जमाखर्च लिनक्सच्या बाजूला, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा आठवड्यावर आलेली. 'बॅकअप?' असं आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं आमच्याकडे पाहिलं. दुकानदाराने फॉरमॅटचं सांगितलं होतंच. काकांचा लॅपटॉप आम्ही अर्ध्या तासात चालू केला आणि एकही फाईल गेली नाही. यात आमची हुशारी फारशी नव्हती. कुठे अडलंय ते पडद्यावर लिहिलेलं होतं, ते आम्ही वाचलं, एवढंच.

आता कुठे अडतं हे कळायला लॅपटॉप चालू होताना आत काय घडतं ते माहीत हवं. खो-खो आठवा. एक खेळाडू धावतो, बसलेल्याला खो देतो, त्याच्या जागी बसतो, पुढचा उठून धावतो. बूट होणं तसंच आहे. बटण दाबलं की पहिल्यांदा धावतं ते फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. त्यालाच आपण अजून सवयीने बायॉस म्हणतो. ते डिस्कवरच्या बूटलोडरला खो देतं. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा ग्रब असतो. ग्रब कर्नलला मेमरीत आणतो आणि त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस नावाची एक छोटी शिदोरी देतो. त्या शिदोरीतल्या ड्रायव्हरांच्या मदतीने कर्नल खरी डिस्क उघडतो. मग सिस्टमडी उठतं, बाकीच्या सेवा सुरू करतं, आणि सगळ्यात शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

खो चुकला की खेळ तिथेच थांबतो, आणि कोणाच्या हातून चुकला ते बहुतेक वेळा पडद्यावरच्या शेवटच्या ओळीत दिसतं. म्हणून आमचा पहिला आग्रह हा की त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढा. 'काहीतरी इंग्रजीत आलं होतं' एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही.

काकांच्या पडद्यावर काय होतं? 'एरर: नो सच पार्टिशन', आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' लिहून कर्सर लुकलुकत होता. म्हणजे फर्मवेअरने आपलं काम केलंय, ग्रबला खो मिळालाय, पण ग्रबचा पहिला तुकडाच उठला आहे. उरलेला ग्रब जिथे ठेवला होता ते पार्टिशन त्याला सापडत नाहीये. आम्ही विचारलं, 'काका, गेल्या आठवड्यात काय केलंत?' आधी म्हणाले काहीच नाही. हे उत्तर सगळे देतात. मग आठवलं: विंडोजमध्ये जाऊन एक रिकामा ड्राइव्ह काढून टाकला होता, जागा वाढवायला.

इथे थोडं खोलात जाऊ, कारण गंमत इथेच आहे. जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर सगळ्यात पहिला ५१२ बाइटांचा तुकडा असतो, त्याला एमबीआर म्हणतात. त्यात पार्टिशनांच्या नोंदीसाठी फक्त चार घरं. चाराहून जास्त पार्टिशनं हवी असली तर एका घरात 'एक्सटेंडेड' पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात बाकीची. या पोटातल्यांचे क्रमांक पाचपासून सुरू होतात आणि ते ओळीने मोजले जातात, कायमचे चिकटवलेले नसतात. काकांचा रिकामा ड्राइव्ह होता पाच नंबर, लिनक्स सहा. पाच काढल्यावर सहाचा झाला पाच. घर तेच, माणसं तीच, दारावरची पाटी बदलली. ग्रबकडे मात्र जुना पत्ता लिहिलेला, सहा नंबर. तो सहा नंबर शोधत राहिला आणि असं पार्टिशनच नाही म्हणून थांबला.

उपाय त्याच पडद्यावर करता येतो. 'एलएस' ही आज्ञा दिली की ग्रब त्याला दिसणाऱ्या पार्टिशनांची यादी देतो. एकेकात डोकावून बूट नावाचा फोल्डर कुठे आहे ते बघायचं. सापडला की 'सेट' या आज्ञेने ग्रबला नवा पत्ता सांगायचा, 'इन्समॉड नॉर्मल' आणि मग नुसतं 'नॉर्मल' टाइप करायचं. नेहमीचा मेनू समोर येतो. काकांचा आला, आणि त्यांनी खुर्चीवरून उठून आधी पाणी प्यायलं. लिनक्स पुढे नीट चालू झालं, कारण आत डिस्कची ओळख क्रमांकाने नाही, यूयूआयडी नावाच्या लांबलचक खुणेने ठेवलेली असते आणि ती पाटी बदलल्याने बदलत नाही. त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल एकदा चालवलं, म्हणजे नवा पत्ता कायमचा लिहिला गेला. पण ते दुसरं. पहिल्यांदा आम्ही जमाखर्चाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये मामला वेगळा असतो. तिथे फर्मवेअर यूईएफआय पद्धतीचं. डिस्कवर फॅट पद्धतीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरात बसतो, आणि कोणाला आधी खो द्यायचा याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. नव्याने लिनक्स बसवल्यावर थेट विंडोजच उघडतं, लिनक्सचा मागमूस नाही, असं होतं तेव्हा बहुधा ही यादीच कारण असते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला की झालं. आत शिरायचं बटण कंपनीगणिक वेगळं: एफ २, एफ १०, डिलीट, कुठे एस्केप. काही फर्मवेअर मात्र हट्टी असतात, तुम्ही काहीही लिहा, ती विंडोजचाच फोल्डर उघडणार किंवा ईएफआय-बूट नावाच्या ठरलेल्या फोल्डरात जाणार. मग लिनक्सचा बूटलोडर त्या ठरलेल्या फोल्डरात ठेवावा लागतो. शोभेचं काम नाही, पण चालतं.

इथलीच आणखी एक चूक फार दिसते. पेनड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने चालू करून लिनक्स बसवायचं, आणि विंडोज मात्र यूईएफआय पद्धतीचं. दोघं वेगवेगळ्या भाषा बोलतात, एकमेकांना खो देऊच शकत नाहीत. म्हणून बसवण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवर सिस-फर्मवेअर या फोल्डरात ईएफआय नावाचा उपफोल्डर आहे का बघा. असला तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. अर्ध्या मिनिटाचं काम, पुढची अख्खी संध्याकाळ वाचते.

आता सिक्युअर बूट. फर्मवेअरने फक्त सही असलेल्या बूटलोडरलाच खो द्यायचा अशी ही सोय. लिनक्सच्या बाजूने शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं, जुन्या सदोष बूटलोडरांना मज्जाव करणारं. दोन सिस्टिम असलेल्या लॅपटॉपवर ते लागू होणार नाही असं सांगितलं होतं, पण काही लॅपटॉपवर झालंच. लोकांनी बटण दाबलं तर पडद्यावर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग', आणि लॅपटॉप बंद. वाक्य वाचून कुणाचीही गाळण उडेल! प्रत्यक्षात डिस्कला धक्काही लागलेला नव्हता. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिल या साधनाने ती नवी मनाई पुसायची, रिस्टार्ट करून सिक्युअर बूट परत चालू करायचं, आणि लिनक्सचं शिम अद्ययावत करून घ्यायचं.

पण सिक्युअर बूटला हात लावण्याआधी एक गोष्ट. ही आम्ही स्वतः चुकून शिकलो. एका मुलीच्या नव्या लॅपटॉपवर आम्ही बेधडक ते बंद केलं. लिनक्स चालू झालं. मग विंडोज उघडायला गेलो तर निळा पडदा: बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली द्या. तिला बिटलॉकर हा शब्दच माहीत नव्हता. विंडोज ११ चे पुष्कळ लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपणहून कुलूपबंद करतात आणि किल्ली त्या खात्यात ठेवतात. खातं कुणाचं? लॅपटॉप पहिल्यांदा भावाने चालू केला होता, म्हणून त्याचं. भाऊ कामावर, रात्री नऊला फोन उचलला, तेव्हा किल्ली मिळाली. तोपर्यंत तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं काय होणार या विचाराने ती आणि आम्ही दोघंही घामाघूम. मिळाली नसती तर त्या विंडोजमधल्या फायली कुणालाही काढून देता आल्या नसत्या. तेव्हा आधी किल्ली कागदावर उतरवा, मग सेटिंगला हात लावा. डिस्कची पद्धत आरएसटीवरून एएचसीआयवर बदलायची असते तेव्हाही हेच. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही म्हणून लोक ती बदलतात आणि विंडोज रुसतं.

ग्रबचा मेनू दिसतो, पण पुढे काळोख, अशी तक्रार असेल तर खो कर्नलपर्यंत पोचला आहे. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर आधी तिकडे संशय घ्या. मेनूवर 'ई' दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडलं की साध्या चित्रावर काम भागतं, मग निवांत ड्रायव्हर बसवा. अपडेटनंतर 'कर्नल पॅनिक' आला तर मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल असतो, तो निवडा. स्वतंत्र छोटं बूट पार्टिशन केलेल्यांकडे ते भरून जातं, नवी शिदोरी अर्धवट बांधली जाते आणि मग हे होतं.

वीज गेली, बॅटरी आधीच मेलेली, आणि नंतर पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' लिहून थांबलंय, हे आपल्याकडे पावसाळ्यात हमखास. तिथे फाइलसिस्टिम तपासायची, एफएसचेक चालवायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं. आणि 'इमर्जन्सी मोड' आला तर एफएसटॅब नावाची फाईल बघा. तुम्ही काढून टाकलेल्या एखाद्या डिस्कची नोंद त्यात राहिलेली असते, सिस्टमडी तिची दीड मिनिट वाट बघतं आणि मग हात टेकतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: 'लिनक्स टाकल्याने लॅपटॉपच बिघडतो असं ऐकलं, खरं का?' असं झालंय, लपवण्यात अर्थ नाही. उबुंटू १७.१० च्या कर्नलमधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लेनोव्हो लॅपटॉपवर बायॉसची सेटिंग जतन होईनाशी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ती आवृत्ती डाउनलोडमधून काढून घेतली आणि जानेवारीत दुरुस्त करून परत दिली. अशी घटना विरळा. रोज जे बिघडतं ते वर सांगितलेलं, आणि त्यात यंत्राला काही होत नाही.

दुसरी चिठ्ठी: 'कशानेच काही झालं नाही तर?' तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करायचा, डिस्क उघडायची आणि काही दुरुस्त करण्याआधी फायली दुसरीकडे घ्यायच्या. खरं म्हणजे ही शेवटची नाही, पहिली पायरी. डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा कॉपी करताना अडखळत असेल तर मात्र एफएसचेक अजिबात चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती करायला गेलं की ती लवकर मरते. आधी डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि प्रयोग नकलेवर करा.

आपली वेळ होत आली. मागच्या टेबलावर चार लाइव्ह पेनड्राइव्ह ठेवले आहेत. ज्यांनी अडलेला लॅपटॉप सोबत आणलाय त्यांनी थांबा, चार्जर लावून ठेवा, आणि आम्ही येईपर्यंत कृपया कुठलंही बटण दाबू नका.