धावणं सुटलं की पुन्हा सुरू करणं इतकं जड का जातं?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली, मेडल भिंतीवर लागलं आणि बूट कपाटात गेले. मग एप्रिल-मेचं ऊन, त्यामागून पाऊस, मध्येच नोकरी बदलली किंवा घरात कुणाचं आजारपण निघालं. धावणं सहसा कुणी ठरवून सोडत नाही, ते सुटत जातं. आणि वर्षभराने पुन्हा बाहेर पडलं की गल्लीच्या टोकालाच धाप लागते. 'आपलं संपलं आता' असं वाटतं ते तिथेच.

पण खरंच किती संपलेलं असतं?

शरीर जोराच्या व्यायामात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याच्या मापाला 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात. अमेरिकेतल्या एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी आजही सांगितला जातो. त्यात सात कसलेल्या खेळाडूंनी ८४ दिवस सराव पूर्ण बंद ठेवला. पहिल्या २१ दिवसांत हे माप ७ टक्क्यांनी घसरलं. ५६ दिवसांनंतर मूळ पातळीपेक्षा १६ टक्क्यांनी खाली येऊन ते स्थिरावलं. तरीही ८४ दिवसांच्या शेवटी हे खेळाडू सराव नसलेल्या लोकांपेक्षा वरच होते आणि स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं कमी झालेलं नव्हतं. सातच माणसं आणि तीनच महिने, हे खरं. खंड जितका मोठा, तितकं नुकसानही वाढतं. पण पाटी कोरी होते, असं यातून दिसत नाही.

सुरुवातीची घसरण इतकी झपाट्याने होते, कारण सराव थांबल्यावर रक्तातला द्रव लवकर कमी होतो. मग हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि जुन्याच वेगाला नाडी जास्त पळते. दिलासा हा की सराव सुरू झाला की हा द्रव लवकर भरूनही निघतो.

खरी मेख पुढे आहे. दम काही आठवड्यांत परत येऊ लागतो, पण टाचेमागचा अकिलिस टेंडन आणि नडगीचं हाड त्या मानाने हळू तयार होतात. त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा आठवडा जास्त फसवा. 'आता जमतंय' म्हणून अंतर एकदम वाढवलं जातं आणि दुखापत होऊन पुन्हा घरी बसावं लागतं.

मग मनाचं काय?

ॲप उघडलं की जुना ५ किलोमीटरचा वेळ समोर येतो. माझ्या मते परत येणाऱ्याचा उत्साह याच आकड्याने सर्वात जास्त मारला जातो. पहिले दोन महिने घड्याळ घरी राहिलं तरी चालेल.

जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केलेला 'काउच टू ५के' हा कार्यक्रम नवशिक्यांसाठी आहे. ब्रिटनच्या एनएचएसची त्याची आवृत्ती ९ आठवड्यांची, आठवड्यातून तीन दिवसांची. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं. अर्धमॅरेथॉन केलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटू शकतं. पण त्या टेंडनला तुमचं मेडल माहीत नसतं!

सुरुवातीला मुहूर्त लागतो, यातही तथ्य आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ च्या संशोधनात आठवडा, महिना किंवा वर्ष सुरू होताना लोक जिमला जास्त जातात, असं दिसलं. आपल्याकडे तर पाडवा आहे, दसरा आहे. पण मुहूर्त दाराबाहेर काढतो, पुढचं काम सवयीचं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे '२१ दिवसांत सवय' ही नुसतीच वदंता. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. मंगळवार हुकला तर गुरुवारी निघा, मंगळवारची भरपाई करू नका.

बीपी, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, नुकतंच मोठं आजारपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. बाकीच्यांसाठी वेगाचं माप सोपं आहे: सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं की चालायला लागा.