रेघोट्यांविषयीच्या काही रूढ समजुती

वडगावच्या तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी किंवा फेरफाराच्या नोंदीसाठी तिष्ठत बसलेला मावळातील शेतकरी हातातल्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर नकळत चौकोनात चौकोन आणि वर्तुळात वर्तुळ काढू लागतो, तेव्हा आपण काही विशेष करीत आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आणि कोणी त्याला ‘तुम्ही चित्रे काढता का?’ असे विचारलेच, तर ‘छे, आमचा कुठला चित्रकलेचा हात!’ असे उत्तर तो तत्काळ देतो. मनाच्या स्वास्थ्यासाठी सहजस्फूर्त रेखाटनाचा उपयोग करण्याच्या आड येणारा सर्वांत मोठा गैरसमज याच उत्तरात दडलेला आहे.

या समजुतीचे मूळ बहुधा आपल्या शाळेत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या हाताला शिस्त लावली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचा हेतू कौशल्याची पारख हा होता, आणि ज्यांना श्रेणी मिळाली नाही त्यांनी चित्रकलेशी आपला संबंध कायमचा संपला असे गृहीत धरले. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 निरोगी प्रौढांना 45 मिनिटे रंगीत पेने, चिकणमाती आणि कागदाचे कपटे यांच्याशी मनसोक्त खेळू दिले, आणि त्यापूर्वी व त्यानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे मापन केले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींच्या बाबतीत ते प्रमाण उतरलेले आढळले, आणि पूर्वी चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर मोठी इमारत रचणे योग्य नव्हे. तथापि ‘हात’ नसलेल्या माणसाला धीर देण्यास तो पुरेसा आहे.

याहून मोलाचा दाखला मला डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या आयुष्यात दिसतो. लहानपणी मातृवियोगाच्या आघाताने त्यांची वाचा काही काळ बंद झाली होती आणि त्या अवस्थेत मातीत रेषा ओढूनच ते मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी नमूद केले जाते. पुढे 2011 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला; पण त्या मुक्या मुलाच्या बोटाखालच्या रेषेला त्या वेळी ना परीक्षक होता ना ग्राहक, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती त्याच्या कामी आली. रवींद्रनाथ ठाकुरांचीही चित्रे हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांवर गिरवता गिरवताच उमलली, आणि 1930 साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती.

हे सारे परदेशी खूळ आहे, असाही एक आक्षेप ऐकू येतो. कलेद्वारे उपचार या अर्थाची इंग्रजी संज्ञा क्षयरोगातून बरे झालेल्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने 1942 मध्ये रूढ केली, हे खरे. पण चैत्रात अंगणात चैत्रांगण रेखणाऱ्या, नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढणाऱ्या आपल्या आज्यांना बोटांतून उतरणाऱ्या स्वस्थतेचा परिचय त्याच्या फार पूर्वीपासून होता. मात्र येथे एक भेद पाळला पाहिजे. चैत्रांगणातील सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, गोपद्म यांची योजना परंपरेने ठरलेली असते आणि तिचा आधार धार्मिक आहे. सहजस्फूर्त रेखाटनात पुढची रेषा कोठे जाणार हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. दोहोंना एकच मानणे ही परंपरेचीही हेळसांड होईल.

रेघोट्या म्हणजे लक्ष नसल्याची खूण, ही शिक्षकांची लाडकी समजूतही तपासून पाहिली गेली आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या 2009 च्या प्रयोगात कंटाळवाणा निरोप ऐकताना कागदावरील आकृत्या भरणाऱ्यांना नुसते ऐकणाऱ्यांपेक्षा 29 टक्के अधिक तपशील आठवले. हा निष्कर्ष नीरस ऐकण्यापुरता आहे. गणित सोडवण्याला तो लागू करू नये.

याउलट अधिक घातक आहे तो चित्रावरून मन ‘वाचण्याचा’ उत्साह. मुलाने काळा रंग फार वापरला की आईबापांच्या पोटात गोळा येतो. अहो, जूनपासून चार महिने राजमाची आणि लोहगड ढगांत बुडालेले पाहणाऱ्या लोणावळ्याच्या मुलाने आभाळ काळे रंगवले, तर त्याने जे पाहिले तेच रंगवले! एका रंगावरून वा एका आकृतीवरून स्वभावाचे निदान करण्यास विश्वसनीय आधार नाही. ‘हे काय काढलेस?’ याऐवजी ‘याविषयी मला सांगतोस का?’ असे विचारावे, आणि मूल गप्प राहिले तर आपणही गप्प राहावे.

प्रत्यक्ष कृती अगदी साधी आहे. पाठकोरा कागद आणि कोणतेही पेन घ्यावे, दहा-पंधरा मिनिटे रेषेला वाट फुटेल तिकडे जाऊ द्यावे, खोडू नये, आणि कागद नंतर ठेवायचा की फाडायचा हे आपल्यापुरते ठरवावे.

शेवटचा गैरसमज सर्वांत जपून हाताळावयाचा आहे : रेखाटनाने मेंदूतील पेशींची नवी जोडणी होऊन मनोविकार बरे होतात, असा प्रचार अलीकडे छातीठोकपणे चालतो. ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियाही प्रयोगशाळेत तपासल्या पाहिजेत असा आग्रह धरला, नौलीच्या वेळी आतड्यातील दाब किती बदलतो तो यंत्राने मोजला, त्या गावच्या लोकांनी तरी असा दावा पुराव्यावाचून स्वीकारू नये. रेखाटन हा क्षणभराचा विसावा आहे आणि शब्द न सापडणाऱ्याला मिळालेले साधन आहे. प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली ते उपचाराचा एक भागही होऊ शकते. पण डॉक्टरांनी दिलेले औषध त्याच्या भरवशावर बंद करणे सर्वथा अनुचित होय. ज्यांची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप वा अन्न तुटले आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्यांनी कागदावर विसंबून राहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.