शेतातले रात्रपाळीचे राखणदार

पेन्सिल्व्हेनियातल्या मक्याच्या किंवा सोयाबीनच्या शेतात एखादा दगड उलटला की खालून काळे, चकचकीत भुंगेरे पळतात. झुरळ समजून आपण दचकतो, पण हे कॅराबिड कुळातले. जगात त्यांच्या सुमारे ४०,००० जाती आहेत. बहुतेकांचे काम रात्री चालते. कुणी मावा खातो, कुणी अळ्या, तर हार्पालस तणाचे बी फोडून खातो. काहींची वीण वसंतात, काहींची शरदात. त्यामुळे जाती पुष्कळ असल्या की हंगामभर कुणी ना कुणी पहाऱ्यावर असतो. एकाच जातीचे हजार भुंगेरे ही सोय करू शकत नाहीत.

हा पहारा उठला तर काय होते? पेन्सिल्व्हेनियात माती वाहून जाऊ नये म्हणून बरेच शेतकरी नांगरत नाहीत. पालापाचोळा तसाच राहतो आणि ओलाव्यात बिनशंखाच्या गोगलगायींचे फावते. त्या कोवळी रोपे फस्त करतात. पेरणीच्या बियाण्याला थायामेथोक्झाम हे कीटकनाशक चोळलेले असते. पण गोगलगाय कीटकच नव्हे, तिला त्याची बाधा होत नाही. विष मात्र तिच्या अंगात उतरते आणि तिला खाणारा भुंगेरा पडतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या मार्गारेट डग्लस व जॉन टूकर यांनी सहकाऱ्यासह केलेला हा अभ्यास २०१५ साली छापून आला. प्रयोगशाळेत अशा गोगलगायी खाणारे ६० टक्क्यांहून अधिक भुंगेरे मेले किंवा लुळे पडले. शेतात बीजप्रक्रिया केलेल्या सोयाबीनचे उत्पन्न ५ टक्क्यांनी घटले. म्हणजे औषधाचे पैसे देऊन पीक कमी!

भुंगेरे मोजतात कसे, तेही गमतीचे आहे. जमिनीच्या पातळीला काठ येईल असा पेला पुरायचा आणि आत पडतील ते मोजायचे. यात जास्त हिंडणारा जास्त सापडतो, म्हणून हा आकडा केवळ संख्येचा नव्हे, वर्दळीचाही असतो. आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये.

औषध आवरले तरी भुंगेऱ्यांना हिवाळ्यात निवारा हवाच. तो शेताच्या कडेच्या गवतात मिळतो. पण शेत फार मोठे असले की वसंतात चालत मध्यापर्यंत पोचायला त्यांना उशीर होतो. म्हणून इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकाअखेर गव्हाच्या शेतांच्या मधोमध मातीचे बांध घालून त्यांवर गवत पेरले. दुसऱ्याच हिवाळ्यात तिथे चौरस मीटरला हजाराहून अधिक भुंगेरे, कोळी आणि इतर शिकारी मुक्कामाला आले.