म्हशीचा पान्हा आणि सुईची सवय

उजनी धरणाच्या पाण्याने माढा तालुक्यात ऊस उभा राहिला, उसामागून वाढे आले आणि वाढ्यांच्या आधाराने दावणीस दोन-चार दुभती जनावरे बांधण्याची सोय झाली. आमच्या टेंभुर्णीच्या आसपास दुधाचा जोडधंदा करीत नाही असा खातेदार आता विरळाच. परंतु या धंद्यात एक खोड शिरली आहे, ती म्हणजे धार काढण्यापूर्वी म्हशीस ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याची. एकदा ही सुई लागली की पुढे म्हैस सुईवाचून पान्हवत नाही, आणि पूर्वी थोडक्या औषधात भागत असे तेथे दिवसेंदिवस अधिक मात्रा लागते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपवून आम्ही म्हशी पाळू लागलो तेव्हा आम्हीही या चुकीत सापडलो. यास्तव असे का होते, याचा उलगडा आम्हास समजला तसा येथे देत आहो.

पान्हा म्हणजे काय

कास ही दुधाने भरलेली पिशवी आहे अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. दूध कासेतील अतिसूक्ष्म फुग्यांत तयार होते व तेथेच साठून राहते. सडाच्या वरच्या पोकळीत आपोआप उतरलेले दूध गाईत बऱ्यापैकी असते. म्हशीत ते फारच थोडे, शेकडा 5 च्या आसपास असते. म्हणजे सड कितीही ओढला तरी पान्ह्यावाचून म्हशीचे बहुतेक दूध वरच अडून राहते.

त्या प्रत्येक फुग्याभोवती स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशींचे जाळे असते. रेडकाने ढुशी दिली, कास धुतली, आंबोणाची पाटी वाजली अथवा ओळखीचा हात लागला की त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूस पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागास रक्तावाटे पाठविलेला हुकूम होय. हा हुकूम कासेत पोहोचला की त्या पेशी आकसतात, फुगे पिळले जातात व दूध खाली उतरते. यासच आपण पान्हा म्हणतो. म्हशीस याकरिता सुमारे दोन मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि हुकमाचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून पान्हा सुटताच धार झटपट संपवावी लागते. जनावर भ्यालेले असले तर हे कार्य अडते व पान्हा चोरला जातो, हे प्रत्येक गुराख्यास ठाऊक आहे.

या संप्रेरकाचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1906 साली पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसतो हे दाखविले. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 साली ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीने तयार केले व 1955 साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरून या औषधाने असंख्य मातांचे प्राण वाचविले आहेत. तात्पर्य, औषध वाईट नव्हे. त्याचा रोजचा व अस्थानी वापर वाईट.

पेशीच्या दारावरील ग्राही

रक्तातून हुकूम सर्व शरीरभर फिरतो, मग तो कासेच्या पेशीनेच का ऐकावा? याचे कारण असे की त्या पेशीच्या आवरणावर ऑक्सिटोसिन ओळखणारे ग्राही बसविलेले असतात. ग्राही हा एक प्रथिनाचा रेणू असून त्याचे एक टोक पेशीबाहेर व दुसरे आत असते. ऑक्सिटोसिन बाहेरील टोकास चिकटले की ग्राहीचा आकार बदलतो, आतल्या बाजूचे दुसरे प्रथिन जागे होते, पेशीतील साठविलेले कॅल्शियम मोकळे होते आणि पेशी आकसते. संप्रेरक स्वतः आत जात नाही. दारावरील ग्राहीच निरोप आत पोहोचवितो. या जातीच्या ग्राहींवरील संशोधनाबद्दल रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांस 2012 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता मुख्य मुद्दा. पेशी ही मुकाट्याने हुकूम पाळणारी निर्जीव कळ नव्हे. हुकमाचा मारा फार झाला की ती आपले कान झाकून घेते. हे तीन पायऱ्यांनी घडते. पहिल्या काही मिनिटांतच ग्राहीच्या आतील शेपटास फॉस्फेटचे कण चिकटविले जातात आणि त्यावर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते. मग बाहेर संप्रेरक चिकटले तरी निरोप आत जात नाही. दुसऱ्या पायरीस असे झाकलेले ग्राही पेशी आत ओढून घेते. विश्रांती मिळाली तर त्यांतील काही पुन्हा आवरणावर येतात, काही आतच मोडले जातात. मारा दिवसेंदिवस चालूच राहिला तर तिसरी पायरी येते: नवे ग्राही तयार होण्याचे प्रमाणच घटते.

आमच्या कचेरीतील एक गोष्ट येथे आठवते. वर्षातून एखादा लखोटा लाल शाईने ‘तातडीचा’ असा शेरा घेऊन येई तेव्हा सर्व कारकून हातचे काम टाकून उठत. पुढे प्रत्येक लखोट्यावर तोच शेरा पडू लागला. मग लाल शाईकडे कोणी मान वर करूनही पाहीना, आणि खरोखरीचा तातडीचा कागदही त्याच ढिगात पडून राही. म्हशीच्या कासेत नेमके हेच होते. तिच्या स्वतःच्या ग्रंथीतून येणारे ऑक्सिटोसिन अत्यल्प असते, तर सुईतून त्याच्या कित्येक पट एकदम रक्तात येते. दोन वेळच्या या आरोळ्यांनी पेशी बधिर होते. मग म्हशीची ग्रंथी आपला हुकूम सोडीत असूनही तो कासेस ऐकू येत नाही. गाईंस पुष्कळ दिवस ऑक्सिटोसिन देऊन नंतर ते बंद केले असता त्यांचा नैसर्गिक पान्हा कमी पडतो, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही दिसून आले आहे.

हा नियम एकट्या म्हशीपुरता नाही. प्रसूतीच्या वेळी ऑक्सिटोसिन फार तास चालवावे लागले तर गर्भाशयाची त्यास दाद देण्याची शक्ती मंदावते, म्हणून डॉक्टर मात्रेविषयी सावध असतात.

आमची चूक

आम्ही एका बाजारातून दुसऱ्या वेताची म्हैस घेतली. विकणाराने आमच्यासमक्ष भरपूर दूध काढून दाखविले. रेडकू मेलेले आहे हे त्याने सांगितले, सुईचे सांगितले नाही. घरी आणल्यावर दोन दिवस म्हशीने पान्हा सोडला नाही. धार काढणाऱ्या गड्याने कोठूनशी बाटली आणली, आणि कास रिकामी झालेली पाहून आम्ही डोळेझाक केली. अडीच महिन्यांत मात्रा दुप्पट झाली आणि दूध मात्र उतरत गेले. सुईने दूध उत्पन्न होत नाही, असलेले बाहेर ढकलले जाते, एवढी साधी गोष्ट आम्ही हिशेबात धरली नव्हती. अखेर कासेत गाठी लागल्या तेव्हा पशुवैद्यांस बोलाविले, आणि त्यांच्यापुढे खरे सांगताना आमची मान खाली गेली.

त्यांच्या सल्ल्याने मात्रा एकदम न तोडता थोडी थोडी उतरविली. धारेची वेळ व काढणारा हात एकच ठेविला. कोमट पाण्याने कास धुऊन चोळणे, धारेच्या वेळीच आंबोण पुढे ठेवणे, गोठ्यात आरडाओरड व काठी बंद, एवढेच उपाय केले. पहिले दहा दिवस दूध निम्म्याने घटले व घरातून बोलणी खावी लागली. महिन्याअखेर म्हैस सुईवाचून पान्हवू लागली. तरी त्या वेतात गेलेले दूध भरून आले नाही. पुढील वेतास रेडकू जगले आणि ते ढुशी देताच कास उतरली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

कायदा व आपले कर्तव्य

पूर्वी काही शहरांतील गवळी ‘फुंका’ करीत, म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून पान्हा काढीत. त्या क्रूर रीतीनेही मेंदूतून हेच संप्रेरक सुटते. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 अन्वये फुंका, तसेच दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे काही टोचणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते व जनावर सरकारजमा होते. 2018 साली केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांस देशातील विक्रीसाठी ऑक्सिटोसिन तयार करण्याची मनाई केली होती; मातांस औषध दुर्मिळ होईल अशी भीती व्यक्त झाली व त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. म्हणजे कारखान्यास कुलूप घालून हा प्रश्न सुटत नाही. तो ज्याच्या त्याच्या गोठ्यातच सोडविला पाहिजे.

त्यास दूरचा दाखला नको. आपल्याच जिल्ह्याचे नाव गाजविणारी, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर भर रस्त्यात, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार देते. तेथे तिला पान्हवते ती सवय, शांतपणा व ओळखीचा हात.

म्हैस विकत घेताना एकाच धारेवर विश्वास न ठेवता लागोपाठ दोन-तीन धारा स्वतः उभे राहून पाहाव्या. रेडकू असल्यास सोबत घ्यावे. मेलेले असल्यास विकणारास सुईविषयी स्पष्ट विचारावे. घरची म्हैस पान्हा चोरू लागली तर बाटलीकडे हात जाण्यापूर्वी भय, दुखणे अथवा सडाची जखम आहे काय हे तपासावे व पशुवैद्यांस दाखवावे. ऐकणारी कास हेच दुभत्याचे खरे भांडवल आहे. ते मोडून खाल्लेले दूध उत्पन्नाच्या खात्यात जमा धरू नये, इतकीच आमची विनंती आहे.