फोटोंच्या फोल्डरमधली फाइल

एका शिक्षणसंस्थेच्या साइटचा पत्ता टाइप केला, की ती नीट उघडायची. संस्थापकांचा फोटो, प्रवेशाची सूचना, सगळं जागच्या जागी. मोबाइलवर गूगलमधून गेलं, की तीच साइट सट्ट्याच्या ॲपवर नेऊन सोडायची. पालकांच्या तक्रारी येत होत्या, पण ऑफिसात कुणाचा विश्वास बसेना. तिथे सगळे पत्ता टाइप करूनच जात. समोर कोण आहे ते पाहून वागणारा हा प्रकार बघायचाच, म्हणून साइट जिच्याकडे साफ करायला आली होती तिच्या शेजारी जाऊन बसलो.

पुण्यात सिंहगड रस्त्याला तिचं छोटंसं ऑफिस आहे. आधी ती एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळी करायची. नाव छापू नका म्हणाली. गिऱ्हाइकांना लाज वाटते.

बॅकअप, मूळ वर्डप्रेसशी फायली ताडून पाहणं वगैरे तिने चहा येईपर्यंत उरकलं. मग अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या, फायली शोधल्या. ‘‘इथे फोटो नाहीतर पीडीएफ. पीएचपीचं इथे कामच काय?’’ एक निघाली. नाव गॅदरिंगच्या फोटोला शोभेल असं. उघडली तर सुरुवातीची खूण, आणि पुढे कोरं. ती कर्सर उजवीकडे नेत राहिली. नुसत्या मोकळ्या जागा, शेकडो. पडद्याच्या कडेपलीकडे, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे कोड होता. बाहेरून जो हुकूम येईल तो चालव, एवढाच त्याचा अर्थ.

अशा चोरवाटेला बॅकडोअर म्हणतात. ते हजारो ओळींचं काहीतरी असावं असा आपला समज. पण ‘चायना चॉपर’ या कुप्रसिद्ध वेब शेलचा, म्हणजे वेबवरून हुकूम घेणाऱ्या अशाच बॅकडोअरचा, सर्व्हरवर बसणारा भाग जेमतेम एका ओळीचा आहे. 2021 साली मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या सर्व्हरांवर जी धाड पडली, तीत तोच वापरला गेला होता.

फाइलवर तारीख 2016 ची. ‘‘ही हवी ती टाकता येते,’’ ती म्हणाली. मग तिने दुसरी तारीख काढली, फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला ती. ती खोटी पाडणं इतकं सोपं नसतं. निघाला मागचा मंगळवार.

तिने फाइल पुसली आणि हात कीबोर्डवरून काढून घेतले. मिनिटभरात फाइल पुन्हा हजर. ‘‘आली बघा!’’ म्हणत ती चक्क हसली. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, एक नोंद होती: दर मिनिटाला बघ, फाइल नसेल तर पुन्हा आणून ठेव. भिंतीवरची माती खरवडली म्हणून वाळवी जात नाही, तसलाच हा मामला. आधी ती नोंद काढली, मग फाइल. या वेळी आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

‘‘4 लाख,’’ ती मध्येच म्हणाली. एसेट या सायबर सुरक्षा कंपनीने 2024 साली दिलेला आकडा. ‘एबरी’ नावाच्या बॅकडोअरने 2009 पासून सुमारे 4 लाख सर्व्हर बाधित केले. 2023 च्या अखेरीसही त्यांतले 1 लाखाहून जास्त साफ झालेले नव्हते. ‘‘4 लाख सर्व्हर. प्रत्येकाला कुणीतरी मालक असेलच ना?’’

त्या एक्स्चेंज प्रकरणात अमेरिकेत एफबीआयने कोर्टाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरांवरचे वेब शेल स्वतःच पुसले होते, मालकांना आधी न विचारता. मला ते भलतंच धाडस वाटतं. तिची तक्रार निराळी: त्यांनी शेल काढले, पण ज्या त्रुटीतून ते आत आले ती बुजवली नाही. ‘‘मग काय उपयोग?’’

इथेही खरं कोडं तेच होतं: शिरकाव कुठून झाला? गॅलरीचं जुनं प्लगइन, येणारी फाइल कसली आहे हे न तपासणारं. तिचा संशय त्याच्यावर होता. पण लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या ये-जा नोंदी, सात दिवसांचेच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायला हवेत. फाइल मंगळवारची असली तरी बॅकडोअर त्याआधीपासून असणार, कारण तक्रारी महिन्यापूर्वीच्या होत्या. तिने प्लगइन काढून टाकलं, सगळे पासवर्ड बदलले.

तेवढ्यात संस्थेच्या हेडक्लार्कचा फोन आला. ‘‘मॅडम, साइट चालू झाली ना?’’

‘‘अहो सर, चालू ती कधीचीच होती.’’

तिने अहवाल पाठवला. शिरकाव कुठून, या रकान्यात तिने ‘पुराव्याअभावी निश्चित नाही’ असं लिहिलं होतं. लगेच पुन्हा फोन: शनिवारी विश्वस्तांपुढे वाचायचाय, तेवढं वाक्य काढता येईल का? पैसे साफसफाईचे ठरलेत, हेही त्यांनी आठवणीने सांगितलं.

‘‘नाही काढता येणार, सर,’’ ती म्हणाली. ‘‘आणि लॉग सहा महिने ठेवायला होस्टिंगवाल्यांना आजच सांगा. मी मेलचा मजकूर लिहून देते, त्याचे पैसे नकोत.’’